त्यांचं होऊ द्या की

मी तोतरा आहे. हे लिहून टाकलेलं बरं, कारण तोंडानं सांगायला गेलो असतो तर पहिल्या अक्षरालाच समोरच्यानं पुढचं सगळं सांगून टाकलं असतं. माझ्या आयुष्यातली निम्मी वाक्यं दुसऱ्यांनी संपवली आहेत आणि त्यातली बहुतेक चुकीची संपवली आहेत.

लोकांना वाटतं, तोतऱ्या माणसाला आपल्या तोतरेपणाची सगळी माहिती असणार. मला काडीची नाही. जीभ का अडते, कधी अडते, हे मला आजवर कळलेलं नाही. पण बोलणं तोडणाऱ्यांची मात्र मला चांगली पारख आहे. मराठीत त्यांच्यासाठी शब्दही भरपूर आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हटकतो तो परका, वेशीवरचा. कोण, कुठला एवढं विचारून सोडून देतो, त्याचा राग येत नाही. टोकणारा आपला असतो. त्याला आपली चूक काढायची असते, नाहीतर आपण नेमके उंबरा ओलांडताना 'कुठं निघालास?' विचारून त्यानं आपला दिवस नासवलेला असतो. बोलणं तोडणारा निदान उघडपणे तोडतो. मधे तोंड घालणाऱ्या चोंबड्याला विषयाशी देणंघेणंच नसतं, फक्त तोंड घालायला फट हवी असते. मोडता घालायला डोकं लागतं, ते ठरवून करायचं काम आहे. आणि खंड पडतो तेव्हा दोष कोणाचाच नसतो; वारा आला आणि दिवा गेला.

माझ्या वाट्याला आलं ते यातलं काहीच नव्हतं. माझं वाक्य अडलं की घरातलं कोणीतरी ते हातातून काढून घ्यायचं आणि पुरं करून टाकायचं, तेही प्रेमानं. याला आमच्या घरात 'सांभाळून घेणं' म्हणत. आता सांभाळून घेणाऱ्यावर रागवायचं कसं? रागवलोच, तर रागाचं वाक्यही तेच पुरं करणार.

यात सगळ्यांत पुढं काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. माणूस प्रेमळ, पण जिभेला उसंत नव्हती. एकदा माझी दाढ ठणकत होती म्हणून ते मला वैद्यांकडं घेऊन गेले. वैद्यांनी विचारलं, "काय होतंय?" मी सुरुवात केली. काका म्हणाले, "पोट दुखून राह्यलंय त्याचं. काल हुरडा लई खाल्लाय." मी मान हलवून नाही म्हणत होतो, तर ते म्हणाले, "बघा, कळ आली." मला जुलाबाचं औषध मिळालं. त्या दिवशी दाढ दुखली आणि पोटही.

वडिलांची तऱ्हा वेगळी. निजामाच्या राजवटीत त्यांची नोकरी परतूरच्या कचेरीत झालेली. तिथं वरिष्ठांचं बोलणं तोडायची वेळ आली तर आधी हात छातीशी नेऊन 'कत-ए-कलाम माफ' म्हणायची रीत होती. म्हणजे तुमचं बोलणं कापतोय, माफी असावी. राजवट गेली, कचेरीचा कारभार मराठीत आला, तरी वडील हे तीन शब्द पाहुण्यारावळ्यांत वापरत आणि आम्हा मुलांना अदब म्हणून शिकवत. "बात काटायची न्हाई. काटायचीच झाली तर आधी माफी मागायची," असं सांगत. मला ते माफी न मागताच काटत. एकदा मी धीर करून त्याचं कारण विचारायला गेलो. अर्ध्यावर ते म्हणाले, "तू बोलून कुठं राह्यलास? बोलायला लागलास म्हंजे मागू माफी."

शाळेत आधी उर्दू होती, तिच्यात मी अडखळत होतो. मग शाळा मराठी झाली, आणि मी मराठीत अडखळू लागलो. अक्षर मात्र दोन्ही लिप्यांत मोत्यासारखं होतं. त्या अक्षरामुळं मला कचेरीत नक्कलनवीस म्हणून घेतलं. जुने कागद समोर ठेवायचे आणि त्यांची नक्कल उतरवायची. दिवसभर कोणाशी अवाक्षर बोलायला लागत नसे. लग्नाच्या बाजारात मात्र मुलाला निदान दोन वाक्यं बोलावी लागतात. त्यामुळं बाविसावं संपलं तरी माझं जमत नव्हतं. दोन ठिकाणांहून 'मुलगा मुका आहे का?' अशी विचारणा झाल्याचं मला काकांकडूनच कळलं, तेही त्यांनी माझं समाधान करता करता.

तिसरं स्थळ आलं ते जांब समर्थच्या अलीकडच्या एका गावातून. आमच्या आष्टीकडं मुलगी पाहायला निघालेले लोक तसं उघड सांगत नाहीत. देवदर्शनाला चाललो, असं म्हणतात. जमलं तर दर्शन आणि मुलगी दोन्ही पदरात पडतात. नाही जमलं तरी दर्शन झालेलं असतंच, गावात बोलबाला होत नाही. पहाटे छकडा जुंपला. मी एक पाय वर टाकला आणि शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "कुठं निघाले सगळे?"

झालं. टोकलं. आईनं कपाळाला हात लावला आणि आम्हा सगळ्यांना घरात परत बोलावलं. रीतच होती ती: टोकलं की आत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, म्हणजे पहिलं निघणं खोटं ठरतं आणि नव्यानं निघता येतं. बैल बाहेर जुंपलेले, आम्ही आत पाटावर ओळीनं बसलेलो. शेजारच्या काकू पुन्हा डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, राहिलं का जायचं?" मग आणखी एकदा पाणी. निघेपर्यंत ऊन चढलं. माझ्यापुरतं मी कधीच ओळखलं होतं की आज आपलं काही खरं नाही.

मुलीचं घर साधं, शेतकऱ्याचं. ओसरीवर घोंगडी अंथरलेली, चहा, चिवडा आणि मधोमध पितळेच्या वाटीत साखर. या साखरेबद्दल सांगायला हवं. चहा-चिवडा घ्यायला हरकत नसे, पण त्या वाटीला हात लावायचा नसे. मुलगी पसंत पडली की मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं चिमूटभर साखर तोंडात टाकायची, मग बाकीच्यांनी. पसंत नसली तर 'कळवतो' म्हणायचं, आणि वाटी होती तशी आत जायची. तोंडानं नकार द्यायची वेळ कोणावर येत नसे. माणसांना अवघड जागी बोलावं लागू नये म्हणून कोणा शहाण्यानं ही सोय करून ठेवलेली होती, पण माझ्या उपयोगाची एकही सोय त्याला सुचली नव्हती.

मुलगी आली, नमस्कार करून बसली. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "नोकरी कशी काय?" मी तोंड उघडलं. काका म्हणाले, "झकास. साहेब लोक बिलकुल खूष हायेत याच्यावर." मुलीच्या मामांनी विचारलं, "काम कुठल्या टेबलाला?" तेही काकांनीच सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. शेवटी मामा म्हणाले, "तुमाला काय विचारायचं आसंल तर विचारा मुलीला."

मला विचारायचं होतं. आठ दिवस मी ते वाक्य मनात घोटत होतो: तुम्हाला वाचायला आवडतं का? नक्कलनविसाला दुसरं काय सुचणार? मी सुरू झालो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे मिटले गेले. काका धावले. "सैपाकाचं विचारून राह्यलाय. पुरणावरणाचं येतं का म्हणतोय."

तेव्हा त्या मुलीनं मान वर केली आणि म्हणाली, "काका, त्यांचं होऊ द्या की."

आवाजात राग नव्हता. वाढताना आपण म्हणतो ना, आधी यांचं होऊ द्या, मग पुढच्या पंगतीला बसा, तसं म्हणाली. पाहायला बसवलेली मुलगी, विचारलं नसताना, वरपक्षाच्या वडीलधाऱ्याचं बोलणं तोडते! आता सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि ते तर मधे बोलण्यापेक्षाही वाईट. टक लावून वाट पाहणारा माणूस छातीवर पाटा ठेवल्यासारखा असतो. पण ती बघत नव्हती. ती समोरच्या कपबशा एकीत एक लावत होती, सावकाश, काही घाई नसल्यासारखी. मी त्या कपबशांकडं बघत बोललो. किती वेळ लागला ते देव जाणे, पण वाक्य निघालं, शेवटच्या शब्दापर्यंत माझंच.

"आवडतं," ती म्हणाली. "पण मिळत न्हाई."

ती आत गेली. आम्ही तिघे विचार करायला म्हणून बाहेर लिंबाखाली आलो. मला हसू आवरत नव्हतं. चारचौघांत पुरं केलेलं ते माझं पहिलं वाक्य होतं.

"पोरगी तोंडाळ हाय," काका म्हणाले.

"मधे तोंड घातलं तिनं," वडील म्हणाले. "आन् निघतानीच टोकलं होतं. मला तवाच कळाल्तं."

मी म्हणालो, "मला..."

"याला बी पटलेली न्हाई," काका म्हणाले. "चेहरा बघा कसा झालाय."

चेहरा तसा झाला होता, कारण मी जिवाच्या आकांतानं 'मला हीच मुलगी करायची आहे' असं म्हणायचा प्रयत्न करत होतो. जन्मभर माझं बोलणं तोडणाऱ्या दोन माणसांनी त्या मुलीला नापास केलं होतं, आणि गुन्हा काय, तर तिनं बोलणं तोडलं. मला इतका संताप आला की पुढचा शब्द घशातच वळला. वडील म्हणाले, "बराबर. चला, जल्दी आटपू. देवळात जाऊन यायचंय." आणि ते ओसरीकडं निघाले.

वडील बसले. त्यांची ती कचेरीतली भाषा सुरू झाली. मुलगी चांगली, घराणं चांगलं, आपला पाहुणचार उत्तम, ईश्वराची इच्छा, योग. मुलीचे वडील खाली बघत होते. अशी लांबण कशासाठी लागते हे त्यांनाही माहीत होतं. दाराच्या फटीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आता 'कळवतो' येणार. त्याआधी वडिलांचं बोलणं तोडणं एवढाच मार्ग होता, आणि त्याची रीत मला पाठ होती. मी हात छातीशी नेला. कत-ए-कलाम माफ. त्यातला पहिला 'क'सुद्धा निघेना. ज्याचं बोलणं दिवसातून दहादा तुटतं, त्याला स्वतःला कोणाचं बोलणं तोडता येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी रडायच्या बेताला आलो.

वडील म्हणाले, "तरी आमी घरी जाऊन विचार करून..."

मी पुढं वाकलो आणि वाटीतली साखर मूठभर घेऊन तोंडात कोंबली.

वडील अर्ध्या वाक्यात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी बोलणं तोडलं होतं. माझे गाल फुगलेले, साखर ओठांवरून सदऱ्यावर सांडलेली, चावताना कराकरा आवाज येत होता. काकांनीही तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाक्य त्यांनाही पुरं करता येईना. मग मुलीचे मामा म्हणाले, "साखर तर खाल्ली पाव्हण्यांनी," आणि वाटी वडिलांपुढं सरकवली. खाल्लेली साखर बाहेर काढता येत नाही. वडिलांनी चिमूट उचलली. उचलताना माझ्याकडं असं पाहिलं की ती साखर मला घशाखाली उतरेना.

परत येताना घर जवळ आल्यावर वडील म्हणाले, "तोंड न्हाई का तुला? आवडली होती तर सांगायचं होतं."

याला काय उत्तर द्यावं? मी देऊ लागलो, तर काका म्हणाले, "जाऊ द्या दादा, चुकलं म्हणतोय तो."

लग्न झालं. बायको घरात आली, आणि तिच्यापुरता मी बोलता माणूस झालो. ती वाट पाहत नसे, हे मुद्दाम सांगतो. ती काम करत असे. मी अडलो की तिचे हात डाळीतले खडे वेचत राहायचे, भाजी निवडत राहायचे, कपड्यांच्या घड्या घालत राहायचे. शब्द आला की मगच ती वर बघायची. तिनं माझं वाक्य कधी पुरं केलं नाही. घरात दुसरं कोणी करू लागलं तर ती काही म्हणायची नाही, नवी सून होती, पण मी एकटा सापडलो की विचारायची, "मघाशी काय म्हणणार होते?" कित्येकदा तोवर मी विसरलेलो असायचो. तरी तिनं विचारायचं सोडलं नाही.

पण साखरेची गोष्ट माझ्या हातून गेली. काकांनी ती आष्टीच्या बाजारात नेली आणि तिथून ती तालुकाभर झाली. "पोराला दम निघंना हो. बाप बोलून राह्यलाय आन् यानं बकाणाच भरला." कोणाच्याही लग्नात पंगत बसली की ही गोष्ट निघायची आणि लोक माझ्या पानात मुद्दाम साखर वाढायचे. भुकेला नवरदेव, उतावळा नवरदेव. मला कोणी एकदाही विचारलं नाही की तू खाल्लीस कशाला? मी सांगायला लागलो की लोक म्हणायचे, "हो हो, भूक लागली होती," आणि पुढचा घास घ्यायचे. माझ्या जन्मातली एवढीच एक गोष्ट सांगण्यासारखी होती, आणि ती जो तो सांगत होता, मी सोडून.

खरं वाक्य माझ्याकडं तयार होतं. साहेबांनी पसंत केलेला मसुदा जसा नकलून काढतात तसं ते मी मनात कितीदा तरी उतरवलं होतं. हो म्हणायला मला वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ मला कोणी दिला नसता, म्हणून साखर खाल्ली. बस्स एवढंच. एकदा चारचौघांत ते तोंडानं म्हणायचं आणि मग लोकांनी पाहिजे तेवढी साखर वाढावी, असं मी ठरवून ठेवलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात काकांच्या मुलाची सोयरीक ठरली. आमच्याच ओसरीवर बैठक, दोन्हीकडचे मिळून घर भरलेलं. मधे साखरेची वाटी आली आणि काकांना राहवेना. "आमच्या पुतण्याची गंमत सांगतो," म्हणाले. दम निघेना, बकाणा, सगळं झालं. नवे पाहुणे पोट धरून हसले. वडीलही हसले.

मी म्हणालो, "तसं नव्हतं."

हे दोन शब्द कसे कोण जाणे, सरळ निघाले. लोक वळले. मी पुढं बोलू लागलो आणि अडलो. काका म्हणाले, "भूक लागल्ती म्हणतोय..."

"काका, त्यांचं होऊ द्या की," दारातून बायको म्हणाली.

सहा वर्षांनी तेच शब्द. काका हसले आणि खरोखरच गप्प बसले. वडिलांनी पाहुण्यांना हातानं थांबा अशी खूण केली. अख्खी ओसरी माझी झाली. मी बोलू लागलो. "साखर खाल्ली ती भुकेनं नाही," इथवर आलो. घाम फुटला, पण आलो. पुढचा शब्द 'हो' होता. तो काही येईना. मान ताणली गेली, डोळे मिटले, ओठ नुसते हलत राहिले. कोणी मधे बोललं नाही. मी डोळे उघडून दाराकडं पाहिलं. बायको चौकटीशी उभी होती. फराळ वाढून झाला होता, ताटं आत गेली होती, तिचे हात रिकामे होते. ती माझ्याकडं बघत होती. तिच्याही मानेच्या शिरा ताठल्या होत्या.

"हो म्हणायला त्यांना वेळ लागला असता," ती म्हणाली, "आन् तेवढा वेळ त्यांना कुणी दिला नसता. म्हणून खाल्ली साखर."

शब्दन्‌शब्द माझा होता. मी तो तिला कधी सांगितलेला नव्हता. काकांचा चेहरा उतरला. वडील खाली मान घालून सुपारी चाचपत राहिले. एक वयस्क पाहुणे "खरंय," म्हणाले. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि मी मात्र तिथल्या तिथं धुमसत होतो. काकांनी पोटदुखी सांगितली तेव्हा दाढ निदान माझ्याकडं राहिली होती. हिनं चुकीचं सांगितलं असतं तर मी मान तरी हलवली असती.

तिच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमी सांगा."

ओसरीवरची माणसं माझ्याकडं वळली. वडिलांनी छातीशी हात नेला आणि म्हणाले, "बोल. कोणी काटणार न्हाई आता." सगळे थांबले होते, आणि माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.